40 सेकंदांचा धीर काय करतो, काय करत नाही

1999 साली ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’त अमेरिकेतला एक प्रयोग छापून आला. स्तनांच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या 123 आणि हा आजार न झालेल्या 87 स्त्रियांना डॉक्टर-रुग्ण संवादाची चित्रफीत दाखवली गेली. त्यात आजार शरीरात पसरलेला होता आणि उपचारांचे पर्याय समोर होते. काहींच्या फितीत डॉक्टरांच्या तोंडी सुमारे 40 सेकंदांची जास्तीची वाक्यं होती: हे कठीण आहे, पण मी तुमच्यासोबत आहे, अशा अर्थाची.

ती ऐकणाऱ्यांची धास्ती कमी झाली आणि त्यांना डॉक्टर जास्त मायाळू वाटले. मात्र कोणता उपचार निवडाल, यावर फरक पडला नाही. माहिती तर दोन्ही प्रकारच्या फिती पाहणाऱ्यांच्या लक्षात कमीच राहिली. हा दुसरा भाग सहसा कोणी सांगत नाही. अर्थात, पडद्यावर दुसऱ्याचा आजार बघणं आणि आपलाच रिपोर्ट घेऊन बसणं यात अंतर आहे.

2012 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेली पाहणी जास्त अस्वस्थ करते. केमोथेरपी घेणाऱ्या चौथ्या टप्प्यातल्या (आजार शरीरात पसरलेल्या) 1,193 रुग्णांपैकी फुप्फुसाच्या कर्करोगाच्या 69 टक्के आणि मोठ्या आतड्याच्या 81 टक्के रुग्णांना केमोनं हा आजार बरा होणार नाही, हे उमगलेलं नव्हतं. ‘डॉक्टर फार छान बोलतात’ म्हणणाऱ्यांमध्ये हा गैरसमज जास्त होता. कदाचित, आशेला जागा ठेवणारा डॉक्टरच आपल्याला छान वाटत असेल.

निर्णय बदलले ते वेगळ्या रीतीनं. बोस्टनमधल्या 2010 च्या अभ्यासात फुप्फुसाचा कर्करोग पसरलेले 151 रुग्ण होते. त्यांतल्या एका गटाला सुरुवातीपासून, महिन्यातून किमान एकदा, पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करून आधार देणाऱ्या सेवेचं, पथक भेटत होतं. अखेरच्या काळात आक्रमक उपचार या गटात 33 टक्के रुग्णांवर झाले, दुसऱ्यात 54 टक्के. तरीही पथक भेटणाऱ्या गटाच्या आयुष्याचा मध्यक (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) 11.6 महिने होता, दुसऱ्या गटाचा 8.9. अभ्यास एकाच रुग्णालयातला, पण भेटी वारंवार झाल्या हे महत्त्वाचं.

वाईट बातमी सांगण्याच्या प्रचलित पद्धतीत आधी रुग्णाला काय माहीत आहे आणि किती ऐकायचं आहे हे विचारतात. मग निदान सांगून थांबतात. घोटाळा इथंच होतो. शांतता असह्य होऊन डॉक्टर ‘घाबरू नका, सोमवारपासून केमो सुरू करू’ म्हणतात आणि भीतीतून सुटण्यासाठी रुग्ण ‘हो’ म्हणतो. आपल्याकडे तर ‘पेशंटला सांगू नका’ म्हणत नातेवाईक आधीच केबिनमध्ये शिरलेले असतात.

रडू ओसरेपर्यंत पर्यायांची यादी उघडू नये. नंतर रुग्णालाच विचारावं: ‘घरी गेल्यावर हे कसं सांगाल?’ त्याच्या उत्तरात चूक लगेच दिसते. रुग्णानंही तीन प्रश्न कागदावर लिहून न्यावेत: हा उपचार आजार बरा करण्यासाठी आहे की आटोक्यात ठेवण्यासाठी? घेतला नाही तर काय होईल? आणि निर्णयाला चार दिवस थांबलं तर चालेल का? रक्ताच्या काही कर्करोगांत चालत नाही, पण पुष्कळ गाठींमध्ये चालतं.