थ्रीडी प्रिंटेड सांधा : छापलेला भाग अंगात राहतो की कचऱ्यात जातो?

‘थ्रीडी प्रिंटेड तंत्राने गुडघा बदला’ अशी जाहिरात वाचली की डोळ्यांसमोर साधारण एकच चित्र येतं. आपल्या पायाचा स्कॅन निघणार, तो मशीनमध्ये जाणार आणि खास आपल्या मापाचा धातूचा गुडघा छापून बाहेर येणार. प्रत्यक्षात अशा बहुतेक ऑपरेशनांत छापलेली असते ती नायलॉनची एक जिग. ती काही मिनिटं हाडावर बसते, तिच्या खाचेतून करवत चालते आणि काम झालं की ती कचऱ्याच्या पिशवीत जाते. अंगात राहणारा गुडघा असतो कोबाल्ट-क्रोम ओतून, घासून चकचकीत केलेला, ठरलेल्या साइझमधला, खोक्यातून काढलेला.

यात कोणी खोटं बोलतंय असं नाही. छापलेली जिग असते, तसे छापलेले सांध्याचे भागही असतात. पण दोन्हींचं सामान वेगळं, कारखाना वेगळा, तपासणी वेगळी आणि चुकलं तर होणारं नुकसान फारच वेगळं. भोसरीच्या किंवा शिरोलीच्या वर्कशॉपात काम केलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. जिग वेगळी, जॉब वेगळा. जॉब गिऱ्हाइकाकडे जातो, जिग टूलरूममध्ये राहते. ऑपरेशन थिएटरमध्येही शब्द तोच, जिगच.

आधी जिग बघू. गुडघ्यासाठी सीटी किंवा एमआरआय काढतात, आणि त्यात नुसता गुडघा घेऊन भागत नाही. खुबा आणि घोटाही लागतो, कारण पायाचा अक्ष त्या दोन टोकांवरून ठरतो. मग कॉम्प्युटरवर एकेका कापातून हाड वेगळं काढायचं, कुठे किती मिलिमीटर कापायचं ते आखायचं, तो आराखडा सर्जनला पाठवायचा. सर्जनने होकार दिला की त्या हाडाच्या उंचसखल पृष्ठभागावर चपखल बसेल असा तुकडा नायलॉनच्या पावडरीतून लेझरने घडवतात. हलका, स्वस्त मालाचा, ऑटोक्लेव्हची, म्हणजे अवजारं निर्जंतुक करणाऱ्या वाफेच्या भांड्याची, उष्णता सोसणारा. बारकावा इतकाच की सीटीत कूर्चा, म्हणजे हाडाच्या टोकावरचं गुळगुळीत अस्तर, नीट दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. त्यामुळे एमआरआयवरून केलेली जिग कूर्चेवर टेकते आणि सीटीवरून केलेली थेट हाडावर. स्कॅन जुना झाला, मधल्या काळात हाडाच्या कडेला नवी वाढ झाली, तर जिग डुगडुगते.

डुगडुगली तर काय? सर्जन ती बाजूला ठेवतो आणि नेहमीची स्टीलची जिग मागवतो. ट्रे तयारच असतो. चूक तिथेच, टेबलावरच लक्षात येते आणि तिथेच सुधारते. हे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

या जिगचा फायदा किती, यावर मात्र जाहिरातीपेक्षा पुष्कळ सावध बोलायला हवं. नेहमीच्या झिजलेल्या गुडघ्यात, हात बसलेल्या सर्जनकडे, अशी जिग वापरल्याने पुढे दुखणं कमी राहतं किंवा चालणं जास्त सुधारतं, असं अनेक अभ्यास एकत्र तपासूनही ठामपणे दाखवता आलेलं नाही. पण मांडीचं हाड जुन्या फ्रॅक्चरमुळे वाकडं जुळलंय, किंवा हाडात आधीची सळई बसलेली आहे, अशा वेळी गोष्ट बदलते. नेहमीच्या पद्धतीत माप घ्यायला हाडाच्या पोकळीत एक लांब रॉड घालतात. पोकळीच अडलेली असेल तर तो जाणार कुठून? तिथे छापलेली जिग खरोखर अडलेलं काम सोडवते. हाडातली गाठ काढताना नेमकी कड राखायची असेल, तिथेही. साध्या गुडघ्याला ती चैन आहे, असं माझं मत. (रोबोटचं नाव याच गर्दीत घेतलं जातं. रोबोट जिगची जागा घेतो, जॉबची नाही. हाड कापायला तो मदत करतो, बसवायचा सांधा खोक्यातलाच.)

आता जॉब, म्हणजे अंगात राहणारा छापील भाग. इथे नायलॉन नाही, टायटॅनियम असतं. ६ टक्के अॅल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम मिसळलेला हा मिश्रधातू पावडरीच्या रूपात येतो. लेझरच्या मशीनला लागणारे कण साधारण १५ ते ४५ मायक्रॉनचे (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर), केसाच्या जाडीहून बारीक. पावडरीचा पातळ थर पसरायचा, जिथे भाग हवा तिथे लेझरने वितळवायचा, ज्या प्लेटवर भाग उभा राहतोय ती जरा खाली घ्यायची, पुढचा थर. एकेक थर ३० ते ६० मायक्रॉनचा, म्हणजे एक सेंटिमीटर उंची गाठायला दोन-तीनशे थर. टायटॅनियमची बारीक पावडर पेट घेते आणि तापल्यावर ऑक्सिजन शोषून ठिसूळ होते, म्हणून हे सगळं आर्गॉन वायूत चालतं. दुसरी पद्धत इलेक्ट्रॉनच्या झोताची. ती निर्वात पेटीत चालते आणि त्यात पावडरीची गादीच ७०० अंशांच्या आसपास तापलेली असते. इटलीत २००७ पासून खुब्याच्या वाट्या (मांडीच्या हाडाचा गोल माथा ज्यात फिरतो तो भाग) या दुसऱ्या पद्धतीने घडवून बसवायला सुरुवात झाली. म्हणजे ‘नवं तंत्रज्ञान’ म्हणून सांगितली जाणारी ही गोष्ट दीड दशकाहून जुनी आहे.

एवढा खटाटोप का, वाटी तर लेथवरही होते? कारण बाहेरचा पृष्ठभाग. सिमेंट न वापरता बसवलेली वाटी टिकायची तर हाड तिच्यात वाढून रुतलं पाहिजे, आणि त्यासाठी काही शे मायक्रॉनची, एकमेकांत उघडणारी छिद्रं लागतात. पूर्वी भरीव वाटी मशीनवर करून तिच्यावर धातूचे मणी भट्टीत चिकटवत किंवा वितळलेला धातू फवारत. तो लेप वेगळा, वाटी वेगळी, आणि जोड तिथे कच्चेपणा हा आलाच. छपाईत भरीव भिंत आणि तिच्यावरची जाळी एकाच पावडरीतून, एकाच दमात उभी राहते. शिवाय भरीव टायटॅनियम हाडाच्या टणक कवचापेक्षा पाच-सहा पट ताठ असतं. सगळा भार धातूनेच उचलला तर शेजारचं हाड आयतं बसून विरळ होतं. जाळीमुळे हा ताठपणा उतरवता येतो. आतली अशी जाळी कुठल्याही कटरला पोचून कापता येणार नाही. छपाईची खरी कमाई इथे आहे.

मग गुडघ्याचा मांडीकडचा भाग का छापत नाहीत? कारण त्याचं काम उलटं. तो प्लॅस्टिकच्या गादीवर आयुष्यभर घसरणार, त्याला आरशासारखा गुळगुळीतपणा हवा, आणि मशीनमधून निघालेला छापील पृष्ठभाग खरखरीत असतो. ओतीव कोबाल्ट-क्रोम तिथे वर्षानुवर्षं टिकलंय. मधली गादी ज्या पॉलिइथिलीनची असते ते तापवलं तरी पाण्यासारखं वाहत नाही, म्हणून ते दाबून घट्ट केलेल्या ठोकळ्यातून कापतात किंवा थेट साच्यात दाबतात. छापलेला सापडेल तो नडगीवर बसणारा टायटॅनियमचा तळ, तोही सिमेंटशिवाय बसवायच्या काही मॉडेलांत. आपल्याकडे बहुतांश गुडघे सिमेंट लावूनच बसवतात. हिशोब तुम्हीच करा.

छपाई संपली म्हणजे भाग तयार झाला असंही नाही. उलट खरं काम तिथून पुढे. आधी भट्टीत घालून आतला ताण उतरवायचा, नाहीतर प्लेटवरून सोडवताना भाग पिळवटतो. मग वायरकटने, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी कापणाऱ्या बारीक तारेने, प्लेटवरून कापायचा. त्यानंतर बरेच उत्पादक तो ९०० अंशांच्या वर तापवून, हवेच्या नेहमीच्या दाबाच्या हजारपटीच्या आसपासच्या दाबाखाली आर्गॉनमध्ये ठेवतात, म्हणजे आत राहिलेली बारीक पोकळी मिटते. जिथे दुसरा भाग बसणार तिथे सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनवर, नेमकं माप काढायचं. आणि मग सगळ्यात किचकट : जाळीत अडकलेले सुटे कण बाहेर काढायचे. हाड जिथे वाढणार तिथे सुटी धातूची पूड राहून चालत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१७ मध्ये छापील वैद्यकीय साधनांबद्दल जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात या उरलेल्या पावडरीला मुद्दाम जागा दिली आहे.

जिग डुगडुगली की टेबलावरच कळतं, हे मघाशी पाहिलं. अंगातल्या भागात पोकळी राहिली तर त्या दिवशी काहीच कळत नाही. चालता माणूस एका पायावर वर्षाकाठी दहा लाखांच्या घरात पावलं टाकतो. भेग त्या पावलांनी हळूहळू वाढते आणि तुटणं काही वर्षांनी येतं. प्रत्येक भाग तोडून तपासता येत नाही, तोडलेला भाग बसवणार कसा? म्हणून तपासणी भागावरून प्रक्रियेवर सरकली आहे. मशीन कोणतं, पावडर कोणत्या लॉटची आणि कितव्यांदा वापरलेली, लेझरची ताकद किती, भाग प्लेटवर कुठे आणि कोणत्या तिरपेपणाने उभा होता, हे सगळं बांधून ठेवायचं. त्याच प्लेटवर सोबत नमुन्याच्या पट्ट्या छापायच्या आणि त्या ओढून तोडायच्या. यातलं काही बदललं की पुन्हा सिद्ध करून दाखवायचं. ‘प्रिंटर विकत घेतला की इम्प्लांट बनवता येतं’ असं कोणी सांगत असेल, तर त्याला या रकान्यांची वही दाखवायला सांगावी.

आता गोंधळाचं मूळ. छापलेलं म्हणजे आपल्या मापाचं, असं आपण धरून चालतो, आणि सांध्यांच्या बाबतीत ते बरोबर उलटं आहे. फेकून दिली जाणारी जिग फक्त तुमच्या हाडावर बसते, दुसऱ्या कोणाच्या नाही. अंगात राहणारी छापील वाटी मात्र बहुधा घाऊक माल असते. ४८, ५०, ५२ मिलिमीटर अशा दोन-दोनने वाढणाऱ्या साइझमध्ये, एकेका प्लेटवर अनेक. आयर्लंडमध्ये कॉर्कजवळ स्ट्रायकर कंपनीचा या कामाचा मोठा कारखाना आहे, तिथे छपाई निवडली आहे ती जाळीसाठी. तुमच्या मापाचा त्यात काही संबंध नाही.

छापलेलं, मापाचं आणि अंगात राहणारं, असं तिन्ही एकत्र येतं ते अवघड जागी. गाठ काढल्यावर राहिलेलं ओटीपोटाचं हाड, कवटीचा गेलेला तुकडा, चेहरा. कवटीसाठी छापलेल्या पॉलिमरच्या इम्प्लांटला अमेरिकेत २०१३ मध्येच परवानगी मिळाली. महाराष्ट्राला याचा अनुभव २०२१ मध्ये आला, फार कडू रीतीने. करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिसने अनेकांचा वरचा जबडा काढावा लागला. दात बसवायला हाडच उरलं नाही. अशांपैकी काहींना गालाच्या उरलेल्या हाडाला धरून राहणारी, त्यांच्याच सीटीवरून छापलेली टायटॅनियमची चौकट बसवली गेली. इथे शेल्फवर साइझ नव्हतीच. पण याच आजारात बऱ्याच ठिकाणी छापलं गेलं ते चेहऱ्याच्या हाडांचं रेझिनचं मॉडेल, हातात धरून बेत आखायला. जबड्याच्या ऑपरेशनांत अशा मॉडेलवर तयार मिळणारी साधी प्लेट आदल्या दिवशीच वाकवून ठेवतात, म्हणजे भुलीखालचा वेळ वाचतो. प्लेट मापाची झाली, छापलेली नाही.

दात सरळ करायला घालायचे पारदर्शक अलायनर हे आणखी एक फसवं उदाहरण. ते छापलेले असतात असं सर्रास म्हणतात. छापतात तो दातांचा साचा, प्रत्येक टप्प्याचा वेगळा. त्यावर प्लॅस्टिकचा तापवलेला पत्रा ओढतात, कापतात, साचा बाजूला. थेट अलायनर छापायचे प्रयत्न आता सुरू झालेत, पण ज्याच्यावर हा धंदा उभा राहिला ती पद्धत साच्याची. याउलट कानात बसणाऱ्या श्रवणयंत्राचं कवच खरोखर छापलेलं आणि खरोखर तुमच्या कानाचं असतं. पूर्वी कारागीर कानाच्या ठशावरून ते हाताने घासून करत, आता ठसा स्कॅन होतो आणि रेझिनमध्ये कवच छापलं जातं. या क्षेत्रात हा बदल इतका पुरा झाला की त्याची कोणी जाहिरातही करत नाही.

बिलाकडे येऊ. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने गुडघ्याच्या इम्प्लांटवर कमाल किंमत लावली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोम गुडघ्याला तेव्हा ५४,७२० रुपये, टायटॅनियमसारख्या विशेष धातूच्या प्रकाराला ७६,६०० रुपये आणि कर्करोगाच्या रुग्णांसाठीच्या खास इम्प्लांटला १,१३,९५० रुपये, कर वेगळा. आकडे पुढे बदलले. मर्यादा होती ती सांध्याच्या भागांवर. स्कॅन, आराखडा आणि नायलॉनची जिग हे बिलात स्वतंत्र ओळीने येतं. म्हणून ‘थ्रीडी प्रिंटिंग चार्जेस’ दिसले की विचारा, छापलं काय? जिग असेल तर पुढचा प्रश्न, माझ्या हाडात असं काय वेगळं आहे की साध्या जिगने भागणार नाही? चांगला सर्जन याचं उत्तर एक्स-रेवर बोट ठेवून देतो.

आणि जे अंगात गेलंय त्याची खूण कागदावर राहते. प्रत्येक इम्प्लांटच्या खोक्यात चिकटवायचे स्टिकर येतात. भागाचं नाव, साइझ, लॉट नंबर, उत्पादक. ते केसपेपरवर लावतात, त्यांची एक प्रत डिस्चार्जच्या वेळी मागून घ्या. साइझच्या जागी ३ किंवा ४ असा साधा आकडा असेल तर सांधा तयार मापाचा आहे, जिग कशीही असो. खास तुमच्यासाठी केलेल्या भागाच्या कागदपत्रांत तुमचं नाव किंवा केस नंबर सापडेल. वीस वर्षांनी तोच सांधा बदलायची वेळ आली, तर नव्या सर्जनला पहिल्यांदा हवा असतो तो हाच कागद.