झुडपी जंगल : एका महसुली नोंदीची पार्श्वभूमी

नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांतले जंगल बहुतांशी शुष्क पानझडी. खोल मातीत साग, ऐन, बीजा; उथळ मुरमाड जागी धावडा, तेंदू, पळस. मालगुजारीच्या (गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या) काळात इमारती लाकूड, कोळसा आणि सरपण यांसाठी गावालगतचे जंगल आधी तुटले. नुसते तुटले असते तर ते परत आले असते, कारण धावडा, तेंदू, पळस बुंध्यापासून जोमाने फुटतात. पण फुटवा माणसाच्या उंचीला जायच्या आत दरवर्षी गुराढोरांनी ओरबाडला आणि उन्हाळ्यात वणव्याने होरपळला, की झाडाचे झुडूपच राहते.

१९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि पडीक, झुडपाळ जमिनी सरकारजमा झाल्या. गावकऱ्यांचे चराईचे, सरपणाचे हक्क निस्तार पत्रक या महसुली नोंदीत लिहिले गेले. गुरचरण, खळवाडी, स्मशान यांच्या शेजारीच ‘झुडपी जंगल’ हा प्रकार लिहिला गेला. (मध्य प्रदेश-छत्तीसगडच्या दप्तरात ‘छोटे झाड का जंगल’ आजही आढळते.) घोळ इथूनच सुरू होतो. हे वर्गीकरण महसूल खात्याचे, वनशास्त्राचे नव्हे. या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या जमिनी गेल्या: एक, जिथे वीतभर मातीखाली मुरूम किंवा कातळ असल्याने उंच झाड कधी वाढलेच नाही, ती बरड; दुसरी, तोड आणि चराईने खुरटलेले खरे जंगल. दुसरीत जमिनीखाली जुनी मुळे जिवंत असतात. नोंद करताना हा फरक पाहिला गेला नाही, आणि पुढचे सगळे वाद त्या चुकीतूनच आले आहेत.

१९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतरही या जमिनींवर शाळा, कार्यालये, घरे, दफनभूमी उभी राहत गेली. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाने ‘वन’ म्हणजे शब्दकोशातला अर्थ आणि सरकारी दप्तरातली नोंद, मालकी कोणाचीही असो, असे ठरले. नोंदीतच ‘जंगल’ असल्यावर सुटका नव्हती. तरीही हे वन नव्हेच, असे राज्याचे म्हणणे होते. त्याच न्यायालयाच्या २२ मे २०२५ च्या निकालाने ते फेटाळले गेले: झुडपी जंगल हे वनच.

निकालाने रेघ तारखेवर ओढली. १२ डिसेंबर १९९६ पर्यंत झालेल्या या जमिनींच्या वाटपांना मंजुरीचा मार्ग मोकळा झाला. त्यानंतरच्या प्रत्येक वाटपाची कारणे राज्याने द्यायची आहेत. वनाला लागून नसलेले ३ हेक्टरांखालचे तुकडे संरक्षित वन घोषित करायचे आहेत. पर्यायी वनीकरण, म्हणजे तोडलेल्या जंगलाच्या बदल्यात करायची लागवड, झुडपी जमिनीवर सरसकट चालणार नाही; दुसरी जमीन नसल्याचा दाखला दिला तरच, आणि तेही दुप्पट क्षेत्रावर. ही शेवटची अट सर्वांत मोलाची आहे. जिवंत जंगल तोडून त्याची भरपाई आधीच वन असलेल्या जमिनीवर दाखवणे हा हिशेबच खोटा होता.

भंडारा-गोंदियाकडे याचा थेट संबंध पाण्याशी आहे. माजी मालगुजारी तलावांचा येवा बऱ्याच ठिकाणी अशाच झुडपाळ उतारांवरून येतो. झुडूप खरवडले की पहिल्या जोरदार पावसात मुरूम वाहून येतो, तलावाच्या तोंडाशी थर साचतो, साठा घटतो, आणि धानाचे शेवटचे पाणी चुकते.

लागवडीतही बरड आणि खुरटलेले जंगल यांत फरक न पाहण्याची तीच जुनी चूक पुन्हा होते. ३ बाय ३ मीटरवर हेक्टरी १,१११ खड्डे खणून बरडावर साग लावला, तर मूळ मुरमावर अडते आणि रोप उन्हाळ्यात वाळते. खड्डे खणताना असलेली झुडपे मुळासकट निघतात, हे नुकसान वेगळेच. जिवंत बुंधे असलेल्या जागी आधी चराई आणि आग रोखावी, मग प्रत्येक बुंध्यावर एक-दोन सरळ, जोमदार फुटवे ठेवून बाकीचे जमिनीलगत छाटावेत. बरडावर समतल (उताराला आडवे) चर खोदून गवत आणि बोर-पळस राखावे. तिथे सागाचा हट्ट धरू नये.