रोजचं डायलिसिस आणि बाथचा फॉर्म्युला: हे सगळं आलं कुठून?

डायलिसिस म्हटलं की रक्तातली घाण काढणं एवढंच डोक्यात येतं, पण आठवड्यातून पाच-सहा वेळा डायलिसिस करणाऱ्यांच्या बाबतीत अर्धी डोकेदुखी उलटी असते, कामाचं काही जास्तच निघून जायला नको ही, आणि ते ठरतं बाथवर, म्हणजे मशीनमध्ये पातळ पडद्यापलीकडून रक्ताशेजारून वाहणाऱ्या द्रावणात काय किती आहे त्यावर.

नेदरलँड्समध्ये १९४३ साली विलेम कोल्फने फिरत्या ड्रमवर सेलोफेनची नळी गुंडाळून पहिलं नीट चालणारं मशीन केलं, तेव्हा हा विचार करायची वेळच नव्हती, पेशंट त्या दिवशी जगला तरी पुष्कळ. शिवाय दर वेळी नवी धमनी-शीर उघडावी लागायची, म्हणजे मोजक्याच वेळा करता यायचं. १९६० मध्ये सिॲटलच्या स्क्रिबनरने हाताला कायमचा टेफ्लॉनचा शंट (धमनी आणि शीर जोडणारी नळी) बसवला आणि तेच ते डायलिसिस महिनोनमहिने करता यायला लागलं. पुढे आठवड्यातून तीन वेळा हे रुटीन पक्कं झालं, आणि माझ्या मते त्यात शरीरापेक्षा मशीन, स्टाफ आणि खर्चाच्या सोयीचा हात जास्त होता.

तीन वेळांच्या रुटीनमध्ये एक दोन दिवसांची गॅप येतेच. तेवढ्यात पोटॅशियम चढतं, मग ते उतरवायला बाथमध्ये पोटॅशियम कमी ठेवायचं, लिटरमागे २ किंवा अगदी १ मिलीमोल, एकेकाळी शून्यसुद्धा, आणि चार तासांत इतकं झपकन खाली आलं की हार्टचा ठेका बिघडायची भीती. २०११ मध्ये अमेरिकेतला मोठा डेटा आला त्यात या मोठ्या गॅपनंतरच्या दिवशी मृत्यू जास्त दिसले, म्हणजे चढ पण वाईट आणि उतार पण.

बायकार्बची (बायकार्बोनेट, रक्तातलं ॲसिड कमी करणारं) तर वेगळीच कथा, ते कॅल्शियमसोबत एकाच कॅनमध्ये ठेवलं की साका बसतो, म्हणून १९६४ च्या सुमारास त्याच्याऐवजी ॲसिटेट आलं, जे शरीरात जाऊन बायकार्ब होतं, त्याने बीपी पडायचं, उलट्या व्हायच्या, तरी ते बरीच वर्षं चाललं. ॲसिड आणि बायकार्बचे कॅन वेगळे ठेवून मशीनमध्येच मिसळायची सोय झाल्यावर १९८० च्या दशकात बायकार्ब परत आलं.

पण खरा हट्टी प्राणी फॉस्फरस! पहिल्या तास-दोन तासांत रक्तातला भराभर उतरतो आणि मग अडतो, कारण पेशींतून आणि हाडांतून तो सावकाश बाहेर येतो, त्यामुळे चार तासांचं डायलिसिस त्याला पुरत नाही. १९९० च्या दशकात टोरंटोमध्ये घरीच रात्रभर, आठवड्यातून पाच-सहा रात्री डायलिसिस सुरू झालं तेव्हा उलटाच प्रकार दिसला, बाइंडरच्या (जेवणातला फॉस्फरस पोटातच धरून ठेवणाऱ्या) गोळ्या बंद झाल्या आणि काही जणांच्या बाथमध्ये वरून फॉस्फेट घालावं लागलं. कॅल्शियमवाला बाइंडर बंद म्हणजे पोटातून येणारं कॅल्शियमही कमी, त्यात बाथमधलं कॅल्शियम लिटरमागे १.२५ मिलीमोल असेल तर रोज थोडं थोडं कॅल्शियम निघून जातं आणि पीटीएच (हाडांतून कॅल्शियम ओढून काढणारं हार्मोन) वाढतं, मग बाथ १.५ किंवा त्याच्याही वर न्यायचा.

२०१० मध्ये अमेरिका-कॅनडातल्या ट्रायलमध्ये आठवड्यातून सहा वेळा छोटं डायलिसिस करणाऱ्यांचा फॉस्फरस आटोक्यात आला, हार्टच्या स्नायूची जाडीही कमी झाली, फक्त फिस्टुला-कॅथेटरची (रक्त मशीनपर्यंत नेण्या-आणण्याच्या वाटांची) दुरुस्ती जास्त वेळा करावी लागली.

अशा वारंवार डायलिसिस करणाऱ्या पेशंटना, पोटॅशियम जास्तच निघून जाऊ नये म्हणून, २ वरून ३ च्या बाथवर नेणं यात आता काही विशेष राहिलेलं नाही. सेशन संपल्या संपल्या काढलेल्या रक्तावर मात्र कोणी फार विसंबत नाही, कारण पुढच्या काही तासांत पेशींतलं पोटॅशियम रक्तात परत येतं आणि आकडा पुन्हा वर जातो.