शोधनिबंधांची चाळण

मार्च २०२० मध्ये अमेरिकेतील ॲलन इन्स्टिट्यूट फॉर एआय या संस्थेने इतर काही संस्थांच्या साहाय्याने कोरोना विषाणूंवरील शोधनिबंधांचा एक खुला संग्रह प्रसिद्ध केला, तेव्हा त्यात तीस हजारांच्या आतबाहेर निबंध होते. ‘कॉर्ड-१९’ नावाच्या या संग्रहाची शेवटची आवृत्ती जून २०२२ मध्ये निघाली आणि तोवर त्यातील नोंदी दहा लाखांच्या पुढे गेल्या होत्या. एवढे वाचून काढणे कोणत्याही तज्ज्ञमंडळाच्या आवाक्यातले नव्हते, म्हणून निवडीचे बरेचसे काम यंत्राकडे आले.

यंत्राला शिकवण्यासाठी आधी माणसांनी काही निबंध वाचून त्यांवर विषयाची खूण करावी लागते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाच्या ‘लिटकोव्हिड’ या निबंधसंग्रहात प्रसार, निदान, उपचार, प्रतिबंध असे विभाग होते आणि एकच निबंध दोन-तीन विभागांत बसू शकत असे. अशा नमुन्यांवरून प्रणाली प्रत्येक विभागाची लक्षणे टिपते. यातली सर्वांत साधी पद्धत शब्द मोजण्याची. संगणकशास्त्रज्ञ कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये मांडलेल्या कल्पनेनुसार, जो शब्द मोजक्याच निबंधांत येतो त्याला अधिक वजन मिळते. त्यामुळे या संग्रहात ‘कोरोना’ हा शब्द जवळपास निरुपयोगी ठरतो, कारण तो जिकडेतिकडे आहे. पण समजा, एखाद्या निबंधात रुग्णालयातील हवेचे नमुने तपासले आहेत आणि शेवटी ‘लस उपलब्ध होईपर्यंत ही दक्षता घ्यावी’ एवढेच वाक्य आहे, तर नुसती शब्दमोजणी त्याला लसीच्या गठ्ठ्यात टाकू शकते. २०१८ मध्ये गूगलच्या संशोधकांनी तयार केलेले ‘बर्ट’ हे भाषा-प्रारूप आणि त्यालाच वैद्यकीय मजकूर वाचायला लावून घडवलेले ‘बायोबर्ट’ शब्दाच्या आजूबाजूचा मजकूरही विचारात घेतात, त्यामुळे अशा चुका कमी होतात. थांबत मात्र नाहीत.

चुका मोजायच्या कशा, हा प्रश्न मला प्रणालीच्या रचनेपेक्षाही महत्त्वाचा वाटतो. दहा हजार निबंधांपैकी दोनशेच कामाचे असतील, तर ‘एकही कामाचा नाही’ असे ठोकून देणारे यंत्रसुद्धा ९८ टक्के अचूक ठरते! म्हणून कामाच्या निबंधांपैकी किती हाती लागले आणि हाती लागलेल्यांपैकी किती खरोखर कामाचे निघाले, ही दोन मापे वेगवेगळी पाहावी लागतात. एक वाढवू गेले की सहसा दुसरे घटते. उपचारांच्या पुराव्याचा आढावा घेणारे संशोधक त्यामुळे शेकडो निरुपयोगी निबंध हाताने बाजूला काढणे पत्करतात, पण एक महत्त्वाची चाचणी निसटू देत नाहीत. चाळणीची भोके किती मोठी ठेवायची, हे यंत्र ठरवत नाही.

शिवाय विषयच बदलत राहतो. २०२० च्या वसंतातील निबंधांवर शिकलेल्या प्रणालीने ‘ओमिक्रॉन’ हे नाव कधी पाहिलेले नसते, त्यामुळे नव्या खुणा करून तिला पुन्हा शिकवावे लागते.

आणि विषय ओळखणे म्हणजे निष्कर्ष तपासणे नव्हे. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या मलेरियावरील औषधाचा कोरोनासाठी वापर तपासणारा एक मोठा अभ्यास ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने मे २०२० मध्ये छापला आणि त्यामागील माहितीची स्वतंत्र पडताळणी होऊ न शकल्याने जूनच्या पहिल्याच आठवड्यात तो मागे घेतला गेला. तो उपचारांच्या विभागात टाकणारे यंत्र चुकले असे म्हणता येणार नाही. निबंध मागे घेतल्याची नोंद मात्र वेगळी ठेवावी लागते आणि प्रत्येक शोधाच्या वेळी ती त्या निबंधाशी जोडून दाखवावी लागते.