रुमालाची घडी का जमत नाही?

तीन वर्षांच्या मुलापुढे हातरुमाल ठेवला, 'घाल घडी' म्हटलं आणि टोकं जुळली नाहीत, की आपण लगेच त्याचे हात धरून शिकवायला जातो. त्याआधी रुमाल मोजून पाहावा. दोन-चार धुण्यांनंतर तो बऱ्याचदा चौरस राहिलेला नसतो, आणि चौरस नसलेल्या रुमालाची तिरकी घडी जुळवणं मोठ्यांनाही जमत नाही.

मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालगृह (लहान मुलांची शाळा) उघडलं. त्यांच्या पद्धतीत रोजच्या जगण्यातली कामं हाच अभ्यास असतो, आणि घडीचे रुमाल त्यातलं अगदी सुरुवातीचं, साधारण अडीच-तीन वर्षांच्या मुलांसाठीचं साधन. महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला हीच पद्धत गावातल्या, कमी खर्चाच्या वस्तूंवर उभी केली. त्या दृष्टीने घडीचा रुमाल आदर्शच म्हणायचा: पाऊण मीटर मांजरपाट, एक रंगीत रीळ, एवढ्यात काम होतं.

संच चार रुमालांचा. पहिल्यावर मधोमध एक रेघ शिवलेली, दुसऱ्यावर अधिकच्या चिन्हासारख्या दोन, तिसऱ्यावर एक तिरकी, चौथ्यावर फुलीसारख्या दोन तिरक्या. रेघेवर दुमडलं की घडी बरोबर. दुमड सरकली तर रंगीत धागा काठावर न येता एका अंगाला दिसतो. चूक मुलाला स्वतःलाच दिसते, बाईंना 'वाकडी झाली' म्हणावं लागत नाही. सगळं इंगित यातच आहे. पण रेघच चुकीच्या जागी असेल, तर मूल बरोबर आणि रुमाल खोटा, असा उफराटा प्रकार होतो.

म्हणून कापड कापण्याआधी धुवून घ्यावं. विणताना सुताचे धागे ताणलेले असतात. पाण्यात तो ताण सुटतो आणि कापड आटतं, तेही उभ्या आणि आडव्या धाग्यांत सारखं नाही. २५ सेंटिमीटरची बाजू ४ टक्के आटली तर २४ उरते, आणि दुसरी बाजू तशीच राहिली तर तिरकी घडी कधीच जुळणार नाही. धुतलेल्या कापडाला कात्री लावण्यापूर्वी काठाजवळचा एक धागा ओढून काढावा. मागे जी बारीक वाट उरते, तिच्यावरून कापावं. पट्टीने आखलेल्या रेषेपेक्षा ही वाट जास्त विश्वासाची. तुकडे २८ सेंटिमीटरचे कापले आणि चारी कडा दीड-दीड सेंटिमीटर दुमडून शिवल्या, की २५ सेंटिमीटरचा रुमाल मिळतो. ३६ इंच पन्ह्याच्या (रुंदीच्या) पाऊण मीटरमध्ये सहा तुकडे निघतात, म्हणजे बिघडवायला दोन आहेत.

मधली रेघ टेपने मोजून काढू नये. कडा शिवून झाल्यावर मोठ्या माणसाने टोकाला टोक लावून घडी घालावी, इस्त्री फिरवावी आणि उमटलेल्या दुमडीवर रंगीत धावदोरा घालावा. धागा ओढून घट्ट केला तर चुण्या पडतात, म्हणून सैलसर टाके. तिरक्या रेघेवर तर विशेष. तिथे कापड उरेब असतं: त्या दिशेने एकही धागा जात नाही, त्यामुळे ताण आला की विणीतले चौकोन तिरके होतात आणि कापड रबरासारखं लांबतं. दोरा मात्र लांबत नाही, तो तुटतो.

दाखवताना मुलाच्या शेजारी बसावं, समोर नको. समोरून त्याला सगळं उलटं दिसतं. रुमाल असा ठेवावा की रेघ आडवी येईल. तर्जनी आणि मधलं बोट रेघेवरून डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवावं. मग खालची दोन टोकं दोन्ही हातांच्या चिमटीत धरून वरच्या टोकांवर नेऊन ठेवावीत. इथे हमखास चूक होते: मूल दोन्ही चिमटी एकदम सोडतं आणि वरचा पदर परत घसरतो. उपाय असा की डावा तळवा जुळलेल्या टोकांवर दाबून ठेवायचा आणि उजव्या तळव्याने कापड उघड्या काठाकडून दुमडीकडे सपाट करत आणायचं. दुमड शेवटी दाबायची. ती आधी दाबली तर न जुळलेली टोकं तशीच पक्की होतात. डावखुऱ्या मुलाला हेच हात बदलून दाखवावं.

दुसऱ्या रुमालाला अर्धी घडी झाल्यावर रुमाल पाव फेरा फिरवून घ्यावा. दुसरी रेघ पुन्हा आडवी येते आणि तीच कृती पुन्हा करता येते. तिरक्या रुमालात एक टोक मुलाकडे ठेवायचं आणि तेवढंच उचलून समोरच्या टोकावर न्यायचं. बरीच मुलं रेघेची दोन टोकं धरून ताणतात. मग उरेब कापड आपला स्वभाव दाखवतं आणि त्रिकोण पतंगासारखा वाकडा होतो. हे सगळं दाखवताना बोलू नये. हात आणि तोंड एकदम चाललं की मूल तोंडाकडे बघतं.

काम संपलं की घडी मोडून रुमाल सपाट ठेवायचा. सुती धागा सेल्युलोज नावाच्या पदार्थाच्या लांब साखळ्यांचा बनलेला असतो, आणि या साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंध नावाच्या हलक्या जोडांनी धरून असतात. दमट हवेत पाणी ते बंध सोडवतं, आणि कापड सुकताना ज्या अवस्थेत असेल त्याच अवस्थेत ते पुन्हा जुळतात. पावसाळ्यात घडी घालून ठेवलेल्या रुमालावर दुमड पक्की बसते ती यामुळे. ती रेघेपासून थोडी जरी सरकलेली असेल, तरी पुढचं मूल रेघ सोडून तिच्यावर दुमडतं. मग पाणी शिंपडून इस्त्री करण्यावाचून गत्यंतर नाही.

चारही जमले की खऱ्या वस्तू द्याव्यात: फडकी, नॅपकिन, धाकट्या भावंडाचे त्रिकोणी लंगोट. टर्किश टॉवेल लगेच नको. घडीवर घडी घालताना बाहेरच्या पदराला आतल्या पदराला वळसा घालून जावं लागतं, आणि ती जास्तीची वाट कापडाच्या जाडीच्या सुमारे सव्वातीन पट असते. पातळ मांजरपाटाला ती कळतही नाही. ३ मिलिमीटर जाडीच्या टॉवेलला मात्र जवळजवळ एक सेंटिमीटर कमी पडतो, आणि काळजीपूर्वक जुळवलेल्या कडाही मागेपुढे दिसतात.