आर्मेनियन संगीत

आर्मेनियन संगीत म्हणजे दक्षिण कॉकेशसमधील आर्मेनिया, पूर्व अनातोलियातील जुना आर्मेनियन मुलूख आणि देशोदेशी विखुरलेला आर्मेनियन समाज यांची धार्मिक, लोक व नागर संगीतपरंपरा. तिच्यात मुळात एका वेळी एकच चाल गायली-वाजवली जाते. पाश्चात्त्य हार्मनी, म्हणजे एका वेळी अनेक सूर मिळवण्याची पद्धत, तिच्यात प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकात आली. तिच्या स्वररचनेत चार स्वरांचे गट असे जोडलेले असतात, की खालच्या गटाचा शेवटचा स्वर हाच वरच्या गटाचा पहिला स्वर ठरतो. त्यामुळे खालच्या सप्तकातला प्रत्येक स्वर वरच्या सप्तकात त्याच रूपात भेटेलच असे नाही.

इ. स. ४०५ च्या सुमारास मेस्रोप माश्तोत्स यांनी आर्मेनियन लिपी सिद्ध केली आणि त्यानंतर चर्चमध्ये ‘शारकान’ ही स्तोत्रे रचली जाऊ लागली. ती आठ स्वरप्रकारांत बांधलेली असून मध्ययुगात ‘खाझ’ नावाच्या खुणांनी लिहिली जात. पुढे या खुणा वाचण्याची विद्याच लोपली. हस्तलिखिते उरली, पण चाली गुरुमुखातूनच टिकल्या. कॉन्स्टँटिनोपलचे (आजचे इस्तंबूल) हाम्बार्त्सुम लिमोंजियान (१७६८–१८३९) यांनी नवी, सोपी स्वरलिपी तयार केली. ती चर्चपुरती राहिली नाही: ऑटोमन दरबारी संगीतातील कितीतरी रचना आज उपलब्ध आहेत त्या या स्वरलिपीमुळेच.

याच लिपीत कोमितास (१८६९–१९३५) यांनी खेड्यापाड्यांतील गाणी टिपून घेतली. अनाथ म्हणून एचमियाद्झिनच्या धर्मपीठात वाढलेल्या या धर्मगुरूने बर्लिनमध्ये संगीताचे शिक्षण घेतले आणि सुमारे ३,००० लोकगीते जमवली असे मानतात. लोरी भागातील ‘होरोवेल’ या नांगरणीच्या गाण्याचा त्यांनी केलेला अभ्यास आजही वाचण्यासारखा आहे. बैलांना घातलेल्या हाका, औत धरणाऱ्याचे आळवणे आणि सोबत्यांनी दिलेली साथ यांतून ते गाणे कसे घडत जाते, हे त्यांनी त्यात तपशीलवार दाखवले. अशा चालींना हार्मनी देताना त्यांनी युरोपीय ठोकळा वापरला नाही, तर चालीच्याच स्वरांतून दुसरे सूर काढले, आणि हेच त्यांचे खरे मोठेपण. २४ एप्रिल १९१५ रोजी कॉन्स्टँटिनोपलमध्ये ऑटोमन सरकारने केलेल्या आर्मेनियन विचारवंतांच्या धरपकडीत त्यांना अटक होऊन अनातोलियात पाठवण्यात आले. ते परतले, पण मनाने खचले ते कायमचेच. त्यांचे निधन पॅरिसमध्ये झाले. त्यांच्या संग्रहातील बरीच गाणी हरवली आहेत.

नागर परंपरेत ‘अशुघ’ म्हणजे स्वतः कवने रचून वाद्यावर गाणारे शाहीर येतात. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध सायात-नोवा अठराव्या शतकात तिफ्लिसमध्ये (आजचे तिबिलिसी) आर्मेनियन, जॉर्जियन आणि अझरबैजानी या तिन्ही भाषांत रचना करी. कमांचा, तार, कानून, झुर्ना व ढोल ही नेहमीची वाद्ये असली, तरी आर्मेनियाची ओळख झाले आहे ते ‘दुदुक’. जर्दाळूच्या लाकडाची ही नळी साधारण २८ ते ४० सेंटिमीटर लांबीची असते. तिच्या तोंडाशी बोरूची रुंद, चपटी दुहेरी जिव्हाळी बसवतात. वाद्याचा आवाका सप्तकाहून थोडाच जास्त. खरी करामत ओठांच्या दाबाने स्वर खालीवर सरकवण्यात आहे. सनईच्या साथीला जसा एक जण नुसता सूर धरून असतो, तसा येथे दुसरा दुदुकवादक गाल फुगवून, श्वास न तोडता ‘दाम’ धरतो. जीवान गास्पारियान (१९२८–२०२१) यांनी हे वाद्य हॉलिवुडपर्यंत नेले, आणि पुढे चित्रपटांतून ते दुःखाची ठरावीक खूण बनले. वास्तविक लग्नातही दुदुक वाजतो. युनेस्कोने २००५ मध्ये या संगीताचा गौरव केला.

सोव्हिएत काळात राज्याश्रयाची लोकवाद्यवृंद मंडळे निघाली आणि संगीतकार आराम खाचातुरियान (१९०३–१९७८) यांच्या ‘गायाने’ बॅलेतील तलवारनृत्य जगभर गाजले. अमेरिकेतील आर्मेनियन वंशाचे संगीतकार अॅलन होवानेस १९५९–६० मध्ये मद्रासला येऊन कर्नाटक संगीत शिकले. फ्रान्समधील गायक शार्ल आझनावूर आणि लॉस एंजेलिसचा ‘सिस्टम ऑफ अ डाउन’ हा रॉक समूह हीही याच विखुरलेल्या समाजाची देणगी, मात्र त्यांचे संगीत त्या त्या देशाचे अधिक आहे. खुद्द आर्मेनियात लग्नसमारंभांतून ‘राबिझ’ हा भावविवश, आलंकारिक गायकीचा प्रकार लोकप्रिय आहे, आणि जाणकार त्याला नाके मुरडतात. ग्युमरीचा पियानोवादक तिग्रान हमास्यान जॅझ वाजवतो, पण २०१५ च्या एका ध्वनिमुद्रिकेत त्याने येरेवानच्या गायकवृंदासह जुनी शारकानेच घेतली आहेत.