दुखत नव्हती म्हणून

"दुखत नव्हती हो, म्हणून नाही दाखवली." स्तनातली गाठ सात-आठ महिने अंगावर काढून आलेली बाई डॉक्टरांना हेच सांगते. त्यात तिची चूक काढण्यात अर्थ नाही. आजाराला आपण 'दुखणं' म्हणतो, आजारी माणसाला 'दुखणेकरी'. जे दुखतच नाही ते दुखणं कसलं?

स्तनाचा कॅन्सर सुरुवातीला सहसा दुखत नाही. पाळीच्या आधी स्तन जड होतात, ठणकतात, ते संप्रेरकांमुळे. अंगावर पाजणाऱ्या बाईच्या स्तनात गळू झालं तर ताप येतो, हात लावू देत नाही, ते जंतुसंसर्गामुळे. कॅन्सरच्या गाठीत असलं काही नसतं. तिथल्या पेशी आवाज न करता वाढत राहतात आणि मऊ चरबीत त्यांना ऐसपैस जागा मिळते. म्हणून दुखरी गाठ लगेच डॉक्टरांपर्यंत जाते आणि न दुखणारी मागे राहते. उलट व्हायला हवं.

मग ती सापडावी कशी? युरोप-अमेरिकेत याचं उत्तर मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे. आपल्याकडे ते जसंच्या तसं चालत नाही. यंत्र महाग आणि फिल्म वाचणारे तज्ज्ञ मोजके, हे झालंच. शिवाय आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी गाठतो, आणि तरुण वयात स्तनात ग्रंथींचं दाट जाळं असतं. एक्स-रेमध्ये ते जाळं पांढरं दिसतं आणि गाठही पांढरीच. दह्यात पडलेला भाताचा दाणा शोधायचा, असला प्रकार.

परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमधल्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये वेगळाच प्रश्न घेतला: यंत्र बाजूला ठेवू, नुसत्या हातांनी तपासलं तर बायका वाचतात का? मुंबईतल्या वस्त्यांचे २० गट पाडले. ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रिया त्यात आल्या. निम्म्या गटांत दर दोन वर्षांनी स्तनांची तपासणी, अशा चार फेऱ्या. उरलेल्या गटांत एकदा माहिती द्यायची आणि मग दोन वर्षांनी जाऊन चौकशी करत राहायची. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. त्या होत्या प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका.

हाताने तपासणं म्हणजे चाचपणं नव्हे. बोटांची टोकं नाही, मधल्या तीन बोटांची गादी वापरायची. एकाच जागी छोटं वर्तुळ तीनदा फिरवायचं: आधी हलकं, मग जरा दाबून, मग बरगडी लागेपर्यंत. मग बोटभर पुढे सरकायचं. वर गळपट्टीच्या हाडापासून खाली स्तनाच्या घडीपर्यंत, उभ्या पट्ट्यांत, आणि काख सोडायची नाही. घाईत नेमकी काखच राहते. त्याआधी नुसतं बघायचं: कातडी कुठे खळगा पडल्यासारखी ओढली गेली आहे का, संत्र्याच्या सालीसारखी खरखरीत झाली आहे का, बोंड नव्याने आत गेलं आहे का, त्यातून रक्त येतं का. घरी स्वतः बघायचं तर पाळी सुरू झाल्यापासून सातव्या ते दहाव्या दिवसात बघावं, तेव्हा स्तन सैल असतात.

निकाल यायला २० वर्षांहून जास्त लागली. २०२१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. तपासणी झालेल्या गटांत तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातले कॅन्सर ३७ टक्के होते, दुसऱ्या गटांत ४७ टक्के. म्हणजे गाठी लवकर सापडल्या, यात शंका नाही. मृत्यूंचं काय? एकूण १५ टक्के घट दिसली, पण ती योगायोगानेही आलेली असू शकते, इतकी ती कच्ची. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रिया वेगळ्या काढून पाहिल्या तेव्हा मात्र स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी. पन्नाशीच्या आतल्यांत ठोस फायदा दिसला नाही. हे त्यांनी छापलं, झाकलं नाही, आणि मला या अभ्यासाचं मोल त्यातच वाटतं. सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची अशीच तपासणी ठरली आहे, पण पाच वर्षांनी एकदा. मुंबईत ती दोन वर्षांनी होत होती. पाच वर्षांत गाठ कुठल्या कुठे पोचते.

बोटांना लागलेली प्रत्येक गाठ कॅन्सर नसतेच, बहुतेक नसतात. विशी-तिशीतल्या मुलींची गुळगुळीत, बोटाखालून निसटणारी गाठ बहुधा साधी असते. पण नुसत्या स्पर्शावरून कोणी "काही नाही" म्हणत असेल तर ऐकू नये. सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, आणि गरज पडली तर सुईने तुकडा काढून तपासणं, याशिवाय उत्तर नाही. इथे आपल्याकडे हमखास अडतं. "गाठीला लोखंड लागलं की ती पसरते" असं कोणीतरी मावशी सांगते आणि पुढचे चार महिने झाडपाल्यात जातात. गाठ पसरते ती त्या चार महिन्यांत. त्याच तुकड्यावरून गाठ कुठल्या संप्रेरकावर वाढते, तिच्यावर हर टू नावाचं प्रथिन जास्त आहे का, हे कळतं. औषध त्यावर ठरतं. शेजारणीला दिलेली गोळी आपल्याला का नाही, याचं उत्तर तिथे असतं.

दुसरी भीती, स्तन काढावाच लागेल ही. गाठ लहान असेल तर बहुतेकदा नाही. नुसती गाठ काढून रेडिएशन दिलं तरी आयुष्य तितकंच मिळतं, हे इटली आणि अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासांच्या २० वर्षांच्या निकालांनी २००२ मध्येच दाखवलं.

आणि परळचाच आणखी एक प्रयोग. शस्त्रक्रियेच्या वेळी गाठ हाताळली जाते, तेव्हा काही पेशी सुटून रक्तात जात असाव्यात, असा जुना संशय. डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी देशातल्या ११ रुग्णालयांत सुमारे १,६०० स्त्रियांवर एक साधी गोष्ट करून पाहिली. निम्म्या जणींच्या गाठीभोवती कापण्याआधी लिग्नोकेन टोचलं. दात काढताना हिरडीत देतात तेच, शंभर रुपयांच्या आतलं. पेशींना हलायला मदत करणारी सोडियमची दारं ते बंद करतं. पाच वर्षांनी इंजेक्शन मिळालेल्यांपैकी ९०.१ टक्के जिवंत होत्या, न मिळालेल्यांपैकी ८६.४ टक्के.

पेशंट तेव्हा पूर्ण भुलीखाली असते, तिला काही जाणवायचं नसतंच. जी गाठ कधी दुखलीच नाही, तिच्याभोवती बधिर करायचं औषध सोडायचं आणि सर्जनने सुरी बाजूला ठेवून सात ते दहा मिनिटं घड्याळाकडे बघत थांबायचं.